निगेटिव्हमध्ये आहे तेवढंच

जुन्या कृष्णधवल निगेटिव्ह स्कॅन करायला काढल्या की पहिला प्रश्न येतो तो 'किती डीपीआयवर?' हा. दुकानदार तोच विचारतो, स्कॅनरच्या खोक्यावर तोच आकडा सगळ्यांत ठळक छापलेला असतो आणि घरातला जाणकार पुतण्याही त्यावरूनच यंत्राची लायकी ठरवतो. प्रश्न चुकीचा नाही, पण त्याचा नंबर चौथा-पाचवा आहे. निगेटिव्ह सपाट आहे का, स्वच्छ आहे का, तिच्यातून जाणारा प्रकाश कसला आहे आणि मुख्य म्हणजे तिच्यातल्या छटांचं काय करायचं हे कोण ठरवतंय, हे प्रश्न त्याच्या आधीचे. ते सहसा विचारलेच जात नाहीत. माझं म्हणणं असं आहे की स्कॅन करताना फोटो बनवू नये, निगेटिव्हची नोंद घ्यावी. फोटो त्या नोंदीवरून मागाहून, सवडीनं आणि हवा तितक्यांदा बनवता येतो. बहुतेक स्कॅन बिघडतात ते ही दोन कामं एका दमात उरकल्यामुळे. यंत्राची ताकद कमी पडली असं क्वचितच होतं.

कृष्णधवल निगेटिव्ह म्हणजे जिलेटिनच्या पातळ थरात अडकलेले चांदीचे सूक्ष्म कण. जिथे प्रकाश जास्त पडला तिथे चांदी जास्त, म्हणून तो भाग काळा. जिथे पडलाच नाही तो जवळपास पारदर्शक. या काळेपणाला घनता म्हणतात आणि ती लॉगरिदमच्या मापात मोजतात. घनता १ म्हणजे प्रकाशाचा दहावा भाग आरपार जातो, २ म्हणजे शंभरावा, ३ म्हणजे हजारावा. स्कॅनरच्या जाहिरातीत 'डीमॅक्स ४.०', म्हणजे यंत्राला वाचता येणारी कमाल घनता, असं लिहिलेलं असतं आणि गिऱ्हाईक दबून जातं. प्रत्यक्षात नीट डेव्हलप केलेल्या निगेटिव्हचा कोरा भाग ०.३ च्या आसपास असतो, आणि आकाश किंवा पांढरं धोतर असे तिच्यातले सर्वांत गडद भाग साधारण दीडच्या घरात. म्हणजे कामाचा पल्ला जेमतेम १.२. घनतेतला ०.३ चा फरक म्हणजे एक स्टॉप, अर्थात प्रकाश दुप्पट किंवा निम्मा, तेव्हा हा पल्ला चार स्टॉपचा झाला. समोरच्या दृश्यात ऊन-सावलीचा फरक सात स्टॉपचा असला तरी फिल्म तो चार स्टॉपमध्ये दाबून बसवते. मोठा पल्ला लागतो तो रंगीत स्लाइडला. जास्त वेळ डेव्हलपरमध्ये राहून कोळशासारख्या काळ्या झालेल्या निगेटिव्ह सोडल्या, तर एवढा पल्ला आजचा कोणताही बरा कॅमेरा आणि पंधरा वर्षांपूर्वीचा फ्लॅटबेडसुद्धा सहज पेलतो. डीमॅक्सच्या आकड्यासाठी जादा पैसे मोजणाऱ्यानं एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

खरी अडचण दाबून बसवलेल्या छटा पुन्हा ताणताना येते. ताणायच्या तर मधल्या पायऱ्या पुरेशा हव्यात. आठ बिटांत २५६ पायऱ्या मिळतात, सोळा बिटांत ६५,५३६. सेन्सर प्रकाश सरळ प्रमाणात मोजतो. त्यामुळे सगळ्यांत पारदर्शक स्टॉपला निम्म्या पायऱ्या जातात, पुढच्याला पाव, त्यापुढच्याला आठवा हिस्सा, आणि चौथ्या, सगळ्यांत गडद स्टॉपच्या वाट्याला उरतो फक्त सोळावा. आठ बिटांच्या सरळ मोजणीत हा सोळावा हिस्सा म्हणजे सोळा पायऱ्या. सोळा बिटांत ४,०९६. आता निगेटिव्हमधला गडद भाग म्हणजे फोटोतला उजेड. मांडवातले पांढरे फेटे, कपाळावर पडलेलं ऊन, शुभ्र सदऱ्याच्या चुण्या, सगळं त्या सोळा पायऱ्यांत कोंबलेलं असतं. जेपेग फायलीत गॅमा लावून या पायऱ्या थोड्या न्यायानं वाटलेल्या असतात, म्हणून प्रत्यक्ष चित्र इतकं वाईट नसतं. पण जेपेग उलटी करून, कॉन्ट्रास्ट वाढवून, चेहरे उजळून पाहिले की फेट्याच्या जागी सपाट पांढरा डाग आणि आकाशात पट्टे दिसू लागतात ते याच कारणानं.

लॅबमधून मिळणाऱ्या स्कॅनची कथा इथेच येते. नोरित्सू किंवा फ्रंटियरसारखी मिनिलॅबची यंत्रं रंगीत रोल भराभर हातावेगळे करण्यासाठी घडवलेली. प्रत्येक फ्रेम पाहून ती स्वतःच कॉन्ट्रास्ट ठरवतात, धार लावतात आणि जेपेग हातात ठेवतात. चित्र चटकदार दिसतं यात शंका नाही. मग बिघडलं कुठे, असं कोणी विचारेल, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा फोटो असेल तर काहीच बिघडलं नाही. पण यंत्रानं चटकदारपणासाठी सावलीतलं दार पार काळं करून टाकलं असेल, तर त्या दारात उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा निगेटिव्हमध्ये असूनही फायलीत नसतो, आणि तो पुढे कोणत्याही सॉफ्टवेअरनं परत आणता येत नाही. म्हणून स्कॅनरला सांगायचं ते इतकंच की सोळा बिट ग्रेस्केल, टिफ फाईल, ऑटो सगळं बंद, धार लावणं बंद, आणि हिस्टोग्रामच्या दोन्ही टोकांना मोकळी जागा. असा स्कॅन पडद्यावर राखाडी, मरगळलेला दिसतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो फसलेलाच वाटतो. तसा दिसतो म्हणजे काम बरोबर झालं.

नोंद घ्यायची म्हटल्यावर फ्रेमबाहेरची किनारही आलीच. कोऱ्या किनारीवरून फिल्मचा पाया किती घनतेचा आहे ते कळतं, म्हणजे काळा रंग कुठे धरायचा याचं माप हातात येतं. शिवाय कडेला फिल्मचं नाव आणि फ्रेमचा क्रमांक छापलेला असतो. पूर्व जर्मनीतून येणारी ओर्वोची एनपी २२, उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची 'इंदू', इल्फर्ड किंवा कोडॅक, यांवरून काळाचा अंदाज बांधता येतो, आणि क्रमांकांवरून आधी साखरपुडा की आधी मुंज हा घरगुती वाद मिटतो. लॅबचा स्कॅन ही कड हमखास छाटून टाकतो. ती ठेवायला खर्च शून्य आहे.

प्रकाशाचा प्रश्न तुलनेनं दुर्लक्षित, पण परिणाम डोळ्यांना सहज दिसणारा. चांदीचे कण प्रकाश फक्त अडवत नाहीत, विखुरतातही. एकाच दिशेनं येणाऱ्या टोकदार प्रकाशात गडद भागांतून विखुरलेले किरण भिंगापर्यंत पोचतच नाहीत, त्यामुळे ते भाग आहेत त्याहून गडद मोजले जातात. आंद्रे कॅलिए यानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच हे मोजून दाखवलं होतं, आणि डार्करूममध्ये कंडेन्सरच्या एन्लार्जरवर प्रिंट जास्त कडक येते हे जुन्या लोकांना अनुभवानं माहीत होतंच. निकॉनचे कूलस्कॅन हे मुख्यतः ३५ मिलिमीटरसाठी बनलेले उत्कृष्ट स्कॅनर; निकॉननं ते कधीच बंद केले, तरी आजही जुन्या बाजारात चढ्या भावानं विकले जातात. त्यांचा एलईडीचा प्रकाश बराच टोकदार आहे. रंगीत फिल्ममध्ये चांदी उरलेलीच नसते, म्हणून तिला तो मानवतो. चांदीच्या निगेटिव्हवर मात्र तोच स्कॅनर कण ठसठशीत करतो आणि एकूण एक ओरखडा उजेडात आणतो. पसरट, दुधी प्रकाशात बारीक ओरखडे बरेचसे विरून जातात. म्हणजे महागडं यंत्र सगळ्याच निगेटिव्हना चांगलं असतं असं धरून चालता येत नाही.

आता डीपीआय. ३५ मिलिमीटरची फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटर. दर इंचाला ४,००० पिक्सेल धरले तर तिचे सुमारे ५,६७० बाय ३,७८० पिक्सेल होतात, म्हणजे २१ मेगापिक्सेल. एप्सनच्या व्ही७०० ते व्ही८५० या लोकप्रिय फ्लॅटबेडवर ६,४०० चा आकडा असतो. पण रेघांची चाचणीपट्टी ठेवून पाहिलं की खरा तपशील २,३०० च्या आसपास थांबतो. त्या पुढे फाईल फुगते, माहिती वाढत नाही. ६,४०० वर केलेला स्कॅन ५५ मेगापिक्सेलचा होतो आणि त्यात तपशील असतो सातेक मेगापिक्सेलचा. यावरून फ्लॅटबेड टाकाऊ ठरवणारेही आहेत. तेही मला पटत नाही. सात मेगापिक्सेलमध्ये ए४ आकाराची बरी प्रिंट निघते. शिवाय महाराष्ट्रातल्या घराघरांत पडलेल्या निगेटिव्हपैकी पुष्कळशा १२० च्या रोलच्या आहेत. बडोद्यात बनणारा आग्फा क्लिक थ्री एके काळी मध्यमवर्गीय घराचा कॅमेरा होता आणि त्याची फ्रेम सहा बाय सहा सेंटिमीटरची. नेमकी बाजू ५६ मिलिमीटर धरली तर २,३०० वर तिचे पंचवीस मेगापिक्सेल होतात. क्लिकच्या साध्या भिंगानं इतका तपशील फिल्मवर उतरवलेलाच नसतो, तेव्हा अशा निगेटिव्हसाठी फ्लॅटबेड पुरून उरतो.

पुढचा सवाल ओघानंच येतो. फोटोत तपशील कमी असेल तर ३५ मिलिमीटरलाही ४,००० कशाला? हातात धरून, संध्याकाळच्या उजेडात, वेगवान फिल्मवर टिपलेल्या चित्रात भिंगानं उतरवलेला तपशील बहुधा २,५०० च्या आतच संपतो. पण तपशील संपला तरी कण संपत नाहीत. कणांच्या मानानं विरळ नमुने घेतले तर ते नमुने आणि कण यांची गाठ भलत्या ठिकाणी पडते आणि फिल्मवर नसलेली खरबरीत जाळी चित्रभर दिसू लागते. गुळगुळीत असायला हवं ते आकाश रवाळ होतं आणि दोष बिचाऱ्या ओर्वोच्या माथी जातो. दाट स्कॅन करून मग फाईल लहान केली तर हा घोळ बराच टळतो. म्हणून ३५ मिलिमीटरला साडेतीन-चार हजार आणि १२० ला दोन-अडीच हजार हे माझ्या मते पुरेसं आहे. ड्रम स्कॅनर आणि फ्लेक्सटाइट यांची गुणवत्ता वादातीत, पण ती लागते भिंतीएवढ्या प्रिंटला किंवा एखाद्या मोठ्या छायाचित्रकाराच्या संग्रहाला. घरच्या बारशाच्या फोटोंना त्याची गरज नाही.

गेल्या काही वर्षांत स्कॅनरपेक्षा कॅमेऱ्यानं निगेटिव्ह टिपण्याकडे कल झुकला आहे, आणि कृष्णधवलच्या बाबतीत तो मला योग्य वाटतो. २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम कॅमेरा आणि एकास एक मापाचं मॅक्रो भिंग असलं की ३५ मिलिमीटरला दर इंची ४,२०० पिक्सेल मिळतात, दुधी एलईडी पॅनेलमुळे प्रकाश पसरट मिळतो, रॉ फायलीत पायऱ्यांची चणचण नसते आणि एक रोल अर्ध्या तासात हातावेगळा होतो. फ्लॅटबेडला त्यासाठी अख्खी दुपार लागते. रंगीत निगेटिव्हचा नारिंगी पाया उलटवताना होणारी डोकेदुखीही इथे नाही; वक्र उलटा केला की चित्र सरळ. टीकाकार म्हणतात की ही जुळवाजुळव नाजूक असते, आणि ते खरंच आहे. एकास एक मापाला एफ ८ वर फोकसची खोली मिलिमीटरच्या जेमतेम एक तृतीयांश असते. निगेटिव्ह मध्ये मिलिमीटरभर फुगली तर चेहरा धारदार आणि कडेची माणसं धूसर. भिंग आणखी बंद करावं तर प्रकाशाच्या विवर्तनामुळे सगळंच किंचित मऊ होतं. उपाय साधे आहेत. निगेटिव्हच्या जागी छोटा आरसा ठेवायचा आणि त्यात भिंगाचं प्रतिबिंब बरोब्बर मध्यभागी येईपर्यंत कॅमेरा हलवायचा. म्हणजे दोन्ही पातळ्या समांतर झाल्या. निगेटिव्हभोवतीचा उघडा प्रकाश काळ्या कागदानं झाकायचा, कारण तो भिंगात शिरला की सगळ्यांत आधी गडद भाग, म्हणजे फोटोतला उजेड, फिका पडतो. आणि एक्स्पोजर कोऱ्या किनारीवरून ठरवायचं, ती फुटणार नाही पण फुटायच्या बेतात असेल इतकं. फुगलेली फिल्म काचेखाली दाबावी हा सोपा वाटणारा मार्ग, पण गुळगुळीत काच फिल्मच्या चकचकीत बाजूला टेकली की न्यूटनची कडी उमटतात. त्यासाठी खास खरबरीत काच मिळते. फुगवटा किरकोळ असेल तर निगेटिव्ह पाकिटात घालून जड पुस्तकांखाली काही दिवस ठेवणं जास्त शहाणपणाचं.

धूळ हा कृष्णधवलचा खास शाप म्हणावा लागेल, आणि त्याचं कारण पुन्हा चांदीच. रंगीत फिल्मसाठी स्कॅनरमध्ये अवरक्त किरणांनी धूळ हुडकण्याची सोय असते. रंगद्रव्यं त्या किरणांना पारदर्शक असतात, धूळ नसते, म्हणून यंत्राला फरक कळतो. चांदी अवरक्त किरणही अडवते, त्यामुळे यंत्राला सगळं चित्रच धूळ वाटतं आणि ते इमानेइतबारे चेहरेच पुसायला घेतं. इल्फर्डची एक्सपी२ रंगीत फिल्मच्या रसायनात धुतली जाते आणि तिच्यात चांदीऐवजी रंगद्रव्य उरतं, म्हणून ती सुटते. बाकी कृष्णधवलला ही सोय बंदच ठेवावी. तेव्हा धूळ आधी घालवायची ती फुंकणीनं आणि मऊ ब्रशनं. दख्खनच्या कोरड्या थंडीत स्थितिज विजेमुळे ती पुन्हा येऊन चिकटते, त्यामुळे हे काम थोडा दमटपणा असताना बरं होतं. तेलकट ठसे जवळजवळ निर्जळ आयसोप्रोपिल अल्कोहोलनं निघतात. मुंबई-कोकणातल्या निगेटिव्हवर हमखास आढळणारी बुरशी मात्र वेगळं प्रकरण आहे. ती जिलेटिन खाते आणि खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळण्याजोगं होतं. अशी निगेटिव्ह धुवायला म्हणून पाण्यात टाकली तर बुरशीबरोबर चित्रही वाहून जातं. 'आधी धुऊन घेऊ, मग स्कॅन करू' हा क्रम इथे उलटा हवा. आहे त्या अवस्थेत स्कॅन आधी.

राहिली सगळ्यांत जोरकस हरकत. इतका खटाटोप कशाला, आता कृत्रिम बुद्धिमत्ता धूळ काढते, धूसर चेहरा स्पष्ट करते, कण गुळगुळीत करते. करते खरी, पण धूसर चेहऱ्यावर ती जे डोळे बसवते ते त्या माणसाचे असतातच असं नाही. तसे डोळे साधारणपणे कसे असतात, त्या अंदाजाचे असतात. यावर कोणी म्हणेल की फोटोत हात घालणं काय आज सुरू झालं? नाही, आणि जुन्या स्टुडिओंच्या निगेटिव्ह हाच त्याचा सर्वांत रोचक पुरावा. मोठ्या आकाराच्या निगेटिव्हवर रिटचर बारीक टोकाच्या पेन्सिलीनं इमल्शनच्या बाजूला काम करीत. निगेटिव्हवर काळं वाढलं की प्रिंटवर उजळ होतं, म्हणून डोळ्यांखालची काळी वर्तुळं, गालांवरचे देवीचे व्रण, कपाळाच्या आठ्या शिशानं भरून काढायच्या. कॉन्टॅक्ट प्रिंटवर त्यातलं काही दिसत नसे. ३,००० च्या स्कॅनमध्ये मात्र एकेक तिरपी रेघ सुटी दिसते, आणि स्वल्पविरामासारख्या त्या रेघांच्या वळणावरून हात किती सरावलेला होता तेही कळतं. धूळ काढणारं सॉफ्टवेअर या रेघा दोष समजून पुसतं, कधी अर्ध्याच पुसतं आणि गालावर डाग उठवतं. रिटचरचा हस्तक्षेप निगेटिव्हचाच भाग झालेला आहे. त्या काळी गिऱ्हाइकाला आपला चेहरा कसा हवा होता याची ती लेखी नोंद आहे. आजचा हस्तक्षेप करायचाच असेल तर तो वेगळ्या फायलीवर करावा, मूळ स्कॅनवर नको. हात लावण्याला माझा विरोध नाही. काय होतं आणि काय केलं यातली सीमा पुसण्याला आहे.

साठवणीची तक्रार फारशी टिकत नाही. २१ मेगापिक्सेलची सोळा बिटांची ग्रेस्केल फाईल सुमारे ४३ एमबीची होते, छत्तीस फ्रेमचा रोल दीड जीबीचा. शंभर रोल धरले तरी दीडशे जीबीच्या थोडं पुढे, आणि एवढी जागा आता खिशातल्या डिस्कमध्ये असते. अशा दोन डिस्क दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात. मात्र स्कॅन झाले म्हणून निगेटिव्ह रद्दीत घालण्याची जी पद्धत पडते आहे ती घातक. पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटांत, कोरड्या जागी ठेवलेली निगेटिव्ह अजून कित्येक वर्षं पुन्हा स्कॅन करता येईल, बहुधा आजच्याहून चांगल्या साधनांनी.

म्हणून घाईही सगळ्यांनाच नाही. ढीग मोठा असेल तर क्रम चित्राच्या महत्त्वावरून लावू नये, फिल्मच्या प्रकृतीवरून लावावा. डबा उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास आला तर अ‍ॅसिटेटचा पाया विघटित होऊ लागला आहे. कडेला 'सेफ्टी' छापलेल्या बहुतेक जुन्या फिल्म याच पायाच्या. नायट्रेटसारख्या त्या भडकत नाहीत एवढीच त्यांची सुरक्षितता. एकदा सुरू झालेलं हे विघटन उष्णता आणि दमटपणात वेग घेतं, आम्ल आसपासच्या निगेटिव्हनाही लागतं, पाया आकसतो, इमल्शन सुरकुत्या पडून उचललं जातं, आणि मग ती फिल्म कोणत्याही होल्डरमध्ये सपाट बसत नाही. वास येणारी पाकिटं त्याच दिवशी वेगळी काढावीत आणि आधी ती स्कॅन करावीत, मग त्यांत नुसते कुणाच्या तरी सहलीचे झाडाझुडपांचे फोटो असले तरी. आजोबांचं एकुलतं एक पोर्ट्रेट धड अवस्थेतल्या फिल्मवर असेल, तर ते पुढच्या महिन्यात केलं तरी चालेल.